गावची आग आणि शहरचा बंब

ऋग्वेदातील पहिल्या सूक्ताची देवता अग्नी, आणि त्या सूक्तातील पहिला शब्दही अग्नी हाच. ज्या समाजाच्या आद्य ग्रंथाचा आरंभ या देवतेच्या नावाने झाला, त्या समाजाच्या इतिहासलेखनात तिच्या रौद्र रूपाची नोंद मात्र फारच तुटपुंजी आढळते. जी आहे ती बहुतेक शहरांची आणि राजवाड्यांची. १८०३ साली मुंबईच्या कोटातील वस्तीचा मोठा भाग जळाला. १८२८ साली पुण्याचा शनिवारवाडा कित्येक दिवस जळत राहिला. १८६४ साली नागपूरकर भोसल्यांचा महालातील राजवाडा भस्मसात झाला. या गोष्टी इतिहासाच्या विद्यार्थ्यास ठाऊक असतात. परंतु त्याच शतकात देशावर, वऱ्हाड-नागपुरात, कोकणात आणि गोमंतकात चैत्र-वैशाखाच्या वाऱ्यात एका प्रहरात ज्या गवती छपरांच्या वस्त्या नाहीशा झाल्या, त्यांची यादी कोणी केली नाही. वाडा जळाला तर जोती उरतात व त्यांवरून इतिहास सांगता येतो. कुडाचे घर जळाले तर काहीच उरत नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत त्याच जागी दुसरा कूड उभा राहतो, आणि झाल्या गोष्टीची आठवण घरच्या चार माणसांपुरती राहते.

ही विस्मृती केवळ इतिहासकारांचीच असती तर आम्ही येथे लेखणी उचलली नसती. ती कायद्यातही शिरलेली आहे, असे आमचे मत आहे. ते स्पष्ट करण्यासाठी आम्ही एक ठिकाण समोर ठेवतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णा हे गाव आहे. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा आणि दुसऱ्या काठाला सावरगाव. पांढुर्णा आणि सौंसर हा टापू संत्र्यांचा आणि कापसाचा, बोलीने मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले, आणि हा टापू मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी येथील रीत आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा हा जिल्हा झाला. याच नावाचे दुसरे सावरगाव सीमेच्या अलीकडे, नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यात आहे. एकाच नावाची दोन गावे, दोन राज्ये आणि दोन कायदे. पण आग लागली असता दोन्हींची स्थिती फारशी निराळी नाही. ती तशी का, याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आगीसंबंधीची आपली सर्वांत जुनी सविस्तर तजवीज कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयातील पोथीवरून शामशास्त्री यांनी हा ग्रंथ १९०९ साली छापला आणि त्याची चिकित्सक आवृत्ती रा. पं. कंगले यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत मुंबई विद्यापीठातर्फे सिद्ध केली. नगराच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना कौटिल्य म्हणतो की, ग्रीष्मात दिवसाच्या मधल्या दोन भागांत कोणीही चूल पेटवू नये, पेटविल्यास एक अष्टमांश पण दंड; पेटवायचीच असेल तर घराबाहेर पेटवावी. प्रत्येक घरी पाण्याचे पाच घट, मोठा कुंभ, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा आणि कातडी पखाल असली पाहिजे. नसल्यास पाव पण दंड. गवताची आणि चटयांची छपरे काढून टाकावीत. लोहारादी विस्तवावर काम करणाऱ्यांना एके ठिकाणी वसवावे. रस्त्यांवर, चौकांत आणि वेशींशी पाण्याच्या घटांच्या रांगा हजारांनी मांडून ठेवाव्यात. शेजारी आग लागली असता जो घरमालक धावून जात नाही त्याला बारा पण, भाडेकऱ्याला सहा पण. निष्काळजीपणाने आग लागल्यास चोपन्न पण. आणि हेतुपुरस्सर आग लावणाऱ्याला अग्नीचीच शिक्षा.

या यादीत सूप पाहून वाचकाला नवल वाटेल. पण ज्याने धान्य वाऱ्यावर धरले आहे त्याला ठाऊक असते की, सुपाने वारा जसा घालता येतो तसा वळविताही येतो, आणि उडालेली ठिणगी सुपानेच दाबता येते. आकडा आहे तो जळते छप्पर ओढून खाली पाडण्यासाठी. जळणाऱ्या घरावर पाणी ओतण्यापेक्षा शेजारच्या घराशी त्याचा संबंध तोडणे अधिक महत्त्वाचे, हे तत्त्व त्यात आहे. आजचा अग्निशामकही छपरांच्या वस्तीत प्रथम हेच करील.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याहून पुढे आहे. कौटिल्य नगरापाशी थांबत नाही. देशावर येणाऱ्या आठ महाभयांची गणना तो जेथे करतो तेथे अग्नी हे पहिले भय आहे, आणि त्यावरचे पहिले वाक्य नगराविषयी नसून ग्रामाविषयी आहे: उन्हाळ्यात गावकऱ्यांनी स्वयंपाक बाहेर करावा, अथवा अग्निशमनाची दहा साधने संग्रही ठेवावीत, असा त्याचा अर्थ शामशास्त्री यांनी लावला आहे. लगेच पुढे पर्वदिवशी बली, होम आणि स्वस्तिवाचन यांनी अग्नीची पूजा करावी असेही तो सांगतो. पूजा आणि पाण्याचे घट यांत त्याला विरोध दिसला नाही. देवता म्हणून जिची आराधना करावयाची तिच्यापासून गाव वाचविण्याची तरतूदही करावयाची, या दोन्ही गोष्टी त्याने एकाच प्रकरणात लिहिल्या. देवस्थानांशी संबंध असणाऱ्या आपल्या वाचकांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

रोमच्या इतिहासातील एक प्रसंग येथे तुलनेसाठी आठवतो. इसवी सनाच्या सहाव्या वर्षी ऑगस्टसने रोम शहरासाठी पहारेकऱ्यांची सात पथके उभारली. आग विझविणे हे त्यांचे मुख्य काम होते. पण शंभर वर्षांनी बिथिनिया प्रांताचा अधिकारी प्लिनी याने निकोमीडिया येथे मोठी आग झाल्यावर दीडशे माणसांचे पथक स्थापण्याची परवानगी मागितली, तेव्हा ट्रेजन बादशहाने ती नाकारली. साधने ठेवा आणि घरमालकांना ती वापरू द्या, पण मंडळ नको. मंडळे पुढे राजकारण करू लागतात. राजधानीला पथक आणि प्रांताला उपदेश, हा न्याय रोमन साम्राज्याबरोबर संपला असे आम्हांस वाटत नाही.

इंग्रजी अमदानीत तो आपल्याकडे निराळ्या रूपाने दिसतो. बंब हा शब्दच पाहा. तो पोर्तुगीज बोंबा म्हणजे पंप यापासून आला असे मानतात; मराठी घरात आंघोळीचे पाणी तापविणारा तो बंब आणि आग विझविणारा तोही बंब. सावरगावच्या बाजूस त्यालाच हिंदीच्या संगतीने दमकल म्हणतात. हे यंत्र आपल्याकडे बंदरांच्या शहरांत आले आणि शहरांतच राहिले. मुंबईचे अग्निशामक दल आरंभी पोलिसांकडे होते, ते १८८७ साली नगरपालिकेकडे आले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या बोटीचा स्फोट झाला आणि सहासष्ट अग्निशामकांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. या सर्व इतिहासात गाव कोठेही येत नाही.

फौजदारी कायद्यात मात्र ते एके ठिकाणी आले, आणि तेही लक्षणीय रीतीने. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ४३५ नुसार आग लावून नासधूस करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होती, मात्र नुकसान शंभर रुपयांचे असावे लागे. शेतमाल असेल तर दहा रुपयेही पुरत. संहिता रचणाऱ्यांना शेतकऱ्याच्या गंजीचे मोल शहरी मालाहून दसपट वाटले, असा याचा अर्थ नव्हे. गंज जळाली की शेतकऱ्याचे वर्ष जळते आणि द्वेषाने गंज पेटविणे हा खेड्यातील नित्याचा गुन्हा आहे, एवढे त्यांना कळले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये रकमेची ती अट गेली, शेतमालाचा उल्लेख राहिला. म्हणजे गावच्या आगीत कोणाला शिक्षा करावयाची याचा विचार कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच केला होता. विझवावयाची कोणी, याचा विचार केला नाही.

आणि आता संविधानाकडे येऊ. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्या १९९२ साली संमत होऊन १९९३ साली अमलात आल्या. पहिलीने पंचायतींना घटनेत स्थान दिले, दुसरीने नगरपालिकांना. दोन्हींबरोबर एकेक अनुसूची जोडली गेली. नगरपालिकांकडे सोपविता येतील अशा अठरा विषयांची बारावी अनुसूची आहे. तीत सातवा विषय अग्निशमन सेवा हा आहे. पंचायतींकडे सोपविता येतील अशा एकोणतीस विषयांची अकरावी अनुसूची आहे. तीत शेती आहे, मत्स्यव्यवसाय आहे, खादी आहे, ग्रंथालये आहेत, बाजार आणि जत्राही आहेत. सामाजिक वनीकरण आणि इंधन व वैरण हे विषयसुद्धा आहेत. अग्निशमन नाही. गावात जळणारे जे जे काही आहे ते त्या यादीत आले, विझविणारे तेवढे राहून गेले! यामागे कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. बंब शहरात असतो ही गोष्ट यादी करणाऱ्यांना इतकी स्वाभाविक वाटली असावी की, गावाच्या यादीत त्याचा शोध घेण्याचे कारणच उरले नाही.

महाराष्ट्राच्या बाजूस त्याआधीपासून एक तरतूद आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत आग विझविण्याच्या कामी साहाय्य करणे आणि आगीच्या वेळी जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करणे हे पंचायतीचे काम म्हणून सांगितले आहे. परंतु ही सूची ग्रामनिधी परवानगी देईल तितपतच बंधनकारक आहे. शिवाय वकिली सवयीने आम्हांस येथे शंका येते की, साहाय्य करावयाचे ते कोणाला? साहाय्य करणारा दुय्यम असतो. मुख्य विझविणारा कोणी तरी दुसरा आहे असे हा शब्द गृहीत धरतो. तो दुसरा म्हणजे तालुक्याच्या गावी उभा असलेला नगरपरिषदेचा बंब. नरखेडच्या सावरगावची दृष्टी जशी शहराच्या बंबाकडे, तशीच पांढुर्ण्यासमोरच्या सावरगावचीही. त्यातल्या त्यात हे दुसरे भाग्यवान. नदी ओलांडली की शहर. पण तेथून सातपुड्याच्या चढणीकडे जी खेडी आहेत त्यांची गोष्ट निराळी.

त्या खेड्यांना आगीचा धोका किती आणि संकटसमयी त्यांना आसरा किती, हे मोजण्यासाठी मोठ्या विद्येची गरज नाही. प्रथम जळाऊ काय आहे ते पाहावे. कापसाचा हंगाम उलगडला की शेतातील पऱ्हाटी उपटून घराच्या भिंतीला रचून ठेवतात, कारण वर्षभराचे सरपण तेच. शेजारी तुराट्या, गोवऱ्या आणि गोठ्यावर कडबा. त्याच ओसरीला आता गॅसची टाकी आलेली असते, आणि विजेची तार अनेकदा लाकडी आढ्यावरूनच नेलेली असते. घराबाहेर गव्हाचे उभे पीक फाल्गुनात वाळते; कापणीनंतरचे धसकट, ज्याला तिकडे नरवाई म्हणतात, ते पेटविण्याची चाल मनाई असूनही गेलेली नाही. चैत्रात मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि त्यातून जंगलात वणवा शिरतो. म्हणजे माघापासून वैशाखापर्यंत जळाऊ सर्वांत अधिक, वारा सर्वांत अधिक, आणि त्याच महिन्यांत विहिरींनी तळ गाठलेला. धोक्याचे गणित येथेच अर्धे पुरे होते.

उरलेले अर्धे वेळेचे आहे. शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोहोचावा, असा मानदंड आपल्याकडे धरला जातो. केंद्रीय गृहमंत्रालयाने १९५५ साली अग्निशमनासाठी स्थायी सल्लागार समिती नेमली तेव्हापासून अशा मानदंडांची चर्चा चालू आहे. डांबरी पण अरुंद रस्त्यावर भरलेला बंब तासाला तीस-चाळीस किलोमीटरहून अधिक वेगाने नेता येत नाही. म्हणजे वीस मिनिटांत तो दहा ते तेरा किलोमीटर जाईल. त्यातून वर्दी पोहोचण्याचा, माणसे जमण्याचा आणि रात्री वाट विचारण्याचा वेळ वजा करावा. नकाशावर तालुक्याच्या गावाभोवती या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्याच्या बाहेर किती खेडी राहतात हे पाटीवर मांडूनही कळेल. गवती गोठा पंधरा मिनिटांत बसतो. बंब आला तरी त्याच्या टाकीत साधारण साडेचार हजार लिटर पाणी असते आणि पंप पूर्ण जोराने चालविला तर ते तीन मिनिटेही पुरत नाही. पुढचे पाणी गावाने द्यावयाचे असते. सबब, ज्या गावाला आपल्या कोणत्या विहिरीला चैत्रात किती हात पाणी असते आणि बंब तिच्या काठाशी जाऊ शकतो की नाही हे ठाऊक नाही, त्या गावाला बंब असून नसल्यासारखाच.

सावरगावात आणीबाणीची तयारी म्हणून काहीच नसते असे मात्र नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात झेंडा बांधलेला पळस रोवतात, एका काठावर पांढुर्ण्याचे लोक आणि दुसऱ्यावर सावरगावचे, आणि दिवसभर दगडांचा वर्षाव चालतो. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. शेकडो लोक दर वर्षी जखमी होतात, कित्येकांचे प्राणही गेले आहेत. या प्रथेच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे ते एवढेच की, त्या दिवशी शासन डॉक्टर, रुग्णवाहिका, पोलीस आणि तात्पुरती उपचारकेंद्रे यांची सिद्धता नदीकाठी करते. ज्या संकटाची तिथी पंचांगात छापलेली आहे त्यासाठी सर्व काही वेळेवर येते. आगीला तिथी नाही. तिच्यासाठी राजस्व पुस्तक परिपत्रकातील सहा-चार हे प्रकरण आहे. त्याच्या आधारे मध्य प्रदेशात जळितग्रस्ताला मदत मिळते. पटवारी येतो, पंचनामा होतो, रक्कम ठरते. असे पंचनामे आम्ही व्यवसायात वाचले आहेत. भांडी, धान्य, बैल यांची मोजदाद त्यांत काळजीपूर्वक केलेली असते. वर्दी कोणत्या घटकेला दिली आणि पहिले पाणी कोणत्या घटकेला पडले, ही दोन वाक्ये लिहिली तर पुढच्या आगीला उपयोगी पडतील. ती आमच्या पाहण्यात क्वचितच आली आहेत.

या सर्वांत एक विसंगती बोचते. देशभरच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना शिक्षण देणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे; सावरगावापासून सुमारे शंभर किलोमीटर. विद्या इतकी जवळ आणि बंब इतका दूर, अशी अवस्था आपल्या देशात अन्यत्रही असेल. २०११ च्या सुमारास गृहमंत्रालयाने करविलेल्या पाहणीत मानदंडाच्या तुलनेने अग्निशमन केंद्रांची उणीव सुमारे ९७ टक्के निघाली होती. पंधराव्या वित्त आयोगानंतर राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटींची योजना २०२३ साली सुरू झाली, आणि अग्निशमन सेवा राज्यपातळीवर असावी असा नमुना कायदा केंद्राने १९५८ मध्ये एकदा व २०१९ मध्ये पुन्हा राज्यांपुढे ठेवला.

राज्यपातळीवरील सेवा म्हणजे काय, हे गोमंतकातील वाचकांना सांगावयास नको. गोवा, दमण व दीव अग्निदल अधिनियम १९८६ साली झाला, आणि तेथे बंब नगरपालिकेचा नसून राज्याचा आहे. पेडण्याच्या किंवा काणकोणच्या खेड्यात उजो लागला तर ही हद्द कोणाची असा प्रश्न उद्भवत नाही. गोवा लहान म्हणून हे जमले, हे खरे आहे. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि अविभक्त छिंदवाडा जिल्ह्याचे ११,८१५. तरीही मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या अभयारण्यात वणवे भडकले तेव्हा हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावे लागले. पण तेथे कर्तव्य कोणाचे हे कायद्यात लिहिलेले आहे.

राहिला प्रश्न देवस्थानांचा. गावात घंटा, ध्वनिक्षेपक, विहीर किंवा तळी आणि मोकळे पटांगण या चारही गोष्टी एकत्र बहुधा देवळातच सापडतात. वर्दी आणि पाणी या दोन्हींसाठी त्याहून योग्य जागा नाही. त्याच देवळात नंदादीप, कापूर, होम, मांडवाचे कापड, महाप्रसादाच्या चुली आणि दारूकामही असते. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत प्रथम चेंगराचेंगरी झाली, मग दुकानांना आगी लागून गॅसच्या टाक्या फुटल्या आणि एकंदर सुमारे तीनशे माणसे गेली. १० एप्रिल २०१६ रोजी केरळात पुट्टिंगल देवीच्या उत्सवात परवानगी नाकारलेले दारूकाम झाले, त्यात शंभरावर लोक मेले. दोन्ही ठिकाणी गर्दी अपेक्षित होती आणि तिथी ठरलेली होती.

गोव्यातील देवस्थाने १९३३ च्या महाजनीसंबंधीच्या नियमावलीखाली चालतात, महाराष्ट्रातील १९५० च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली आणि सावरगावच्या बाजूची मध्य प्रदेशाच्या १९५१ च्या कायद्याखाली. तिन्ही कायद्यांत हिशेबाची शिस्त आहे. अग्निरक्षणाचे सदर अंदाजपत्रकात घालण्यास त्यांपैकी एकही आड येत नाही. पाच घटांऐवजी वाळूच्या बादल्या, कातडी पखालीऐवजी शंभर हात नळी आणि तेलावर चालणारा एक लहान पंप, एवढ्याचा खर्च एका रात्रीच्या दारूकामाहून जास्त येणार नाही. आणखी एक काम बिनखर्चाचे आहे. गावातील विहिरी, त्यांवरील पंपांचे मालक, ट्रॅक्टरची टाकी कोणाकडे आहे, बंबाची वाट कोणत्या बोळातून जाते, आणि १०१ व ११२ हे क्रमांक, अशी यादी देवळाच्या भिंतीवर रंगवून होळीपूर्वी दर वर्षी ताजी करावी. सावरगावसारख्या ठिकाणी ती मराठीत असावी की हिंदीत असा वाद निघाल्यास दोन्ही भाषांत लिहावी. लिपी एकच असल्याने रंगाऱ्याला फारसे अवघड जाणार नाही.